लुई पाश्चरने लस शोधली प्रयोगशाळेत, पण तो घडला बापाच्या कातडीच्या कारखान्यात

रोज सकाळी घरात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असं छापलेलं असतं. आपण पिशवी कापतो, दूध गॅसवर ठेवतो आणि विसरून जातो. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय. लुई पाश्चर. शाळेच्या पुस्तकात फोटो असायचा बघा, दाढीवाला गंभीर माणूस, हातात काचेची बाटली धरून तिच्याकडे टक लावून बघणारा. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर घ्यायची लस यानेच आणली. रोग जंतूंमुळे होतात हे जगाला पटवण्यातही याचा मोठा वाटा.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण याचा बाप काय करायचा, हे पुस्तकात फारसं येत नाही. पाश्चरचा बाप जनावरांची कातडी कमवायचा. आजोबा तेच करायचे आणि पणजोबाही तेच. पाश्चरच्या कामाची पद्धत, चिकाटी, हट्ट, अगदी त्याच्या चुकासुद्धा समजून घ्यायच्या असतील तर आधी त्या कारखान्यात जावं लागतं.

सुरुवात पणजोबापासून करू. त्यांचं नाव क्लोद-एतिएन. पूर्व फ्रान्समधल्या सालँ गावात ते कातडी कमवायचे. पण हा माणूस कायद्याने स्वतंत्र नव्हता. तो सरंजामदाराचा भूदास होता. १७६३ मध्ये त्याने आपल्या सरंजामदाराला चार सोन्याची नाणी मोजली आणि स्वतःला आणि आपल्या पुढच्या पिढ्यांना मोकळं करून घेतलं. आपल्याकडे कातडीच्या धंद्याला जात चिकटली आणि त्यातून बाहेर पडायला पैसे मोजूनही वाट नव्हती. फ्रान्समध्ये निदान ती वाट होती. पाश्चर घराण्याने ती कष्टाच्या पैशातून विकत घेतली.

लुईचे वडील जाँ-जोसेफ १७९१ मध्ये जन्मले. आईवडिलांचं छत्र लवकर गेलं, आजी आणि आत्यांनी वाढवलं. लिहिण्यावाचण्यापुरती शाळा झाली, मग घरचा धंदा हातात आला. १८११ मध्ये नेपोलियनच्या सैन्यात भरती झाली. स्पेनमध्ये लढले, नंतर फ्रान्समध्येच शत्रूला थोपवायच्या लढाया लढले. सार्जंट मेजरपर्यंत चढले. १८१४ मध्ये लीजन ऑफ ऑनर हा मानाचा किताबही मिळाला. आणि लगेच नेपोलियनच पडला. राजेशाही परत आली आणि हे महाशय पुन्हा गावात कातडी घासायला बसले.

त्यांच्या स्वभावाचा अंदाज यावा म्हणून एक किस्सा. नव्या राजवटीत गावच्या मेयरने हुकूम काढला की नेपोलियनच्या जुन्या सैनिकांनी आपल्या तलवारी जमा कराव्यात. जाँ-जोसेफनी निमूटपणे दिली. पण काही दिवसांनी त्यांना दिसलं की आपली तलवार एक पोलीस कमरेला लावून फिरतोय. ते सरळ त्याच्या अंगावर धावून गेले आणि तलवार हिसकावून घेतली. गावात खळबळ उडाली. पण तिथल्या लष्करी अधिकाऱ्याने या जुन्या सैनिकाला शिक्षा करायला नकार दिला. तलवार त्यांच्याकडेच राहिली.

१८१६ मध्ये त्यांचं लग्न जान-एतिएनेत रोकी हिच्याशी झालं. ती माळ्याची मुलगी. हे जोडपं दोल नावाच्या गावी गेलं आणि तिथल्या कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत राहिलं. गल्लीचं नावच ते होतं. तिथे २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई जन्मला. काही वर्षांनी कुटुंब आर्ब्वा या गावात आलं. नदीकाठी, पुलाजवळ एक छोटी टॅनरी होती. वर घर, खाली काम आणि अंगणात कातडी भिजवायचे हौद. लुईचं सगळं बालपण इथे गेलं.

त्या काळी कातडी कमावणं म्हणजे काय प्रकार होता बघा. ओलं कातडं आणायचं, धुवायचं, चुन्यात ठेवायचं, मग त्यावरचे केस आणि आतलं मांस खरवडायचं. नंतर ओकच्या झाडाच्या सालीचा भुगा आणि पाणी असलेल्या हौदात ते महिनोन्‌महिने मुरत ठेवायचं. घाई केली तर कातडं मधून कच्चं राहतं. लक्ष नाही दिलं तर सडतं. आज केलेलं काम बरोबर होतं की चूक, हे कित्येक महिन्यांनी कळतं. वास असा की अंगातून जात नाही. थोडक्यात, सडणाऱ्या वस्तूला सडू न देणं, हाच हा धंदा. पाश्चर मोठा झाल्यावर वाइन का आंबट होते, बिअर का नासते, मटणाचं पाणी का कुजतं याच प्रश्नांच्या मागे आयुष्यभर लागला. याचं सगळं श्रेय टॅनरीला देणं ताणल्यासारखं होईल. पण सडणं आणि मुरणं यातला फरक या पोराने नाकाने शिकला होता, हे नक्की.

बापाचं शिक्षण कमी होतं, पण वाचायचा नाद मोठा. दिवसभराचं काम आटोपलं की रात्री पुस्तक घेऊन बसायचे. रविवारी लांब कोट स्वच्छ घासून घालायचे, त्यावर किताबाची लाल फीत लावायची आणि एकटेच गावाबाहेरच्या रस्त्यावर चालत जायचे. गप्पा मारत फिरणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांच्या उलट आई, उत्साही आणि कल्पनेत रमणारी. लुईला अक्षरओळख करून दिली ती वडिलांनी.

लुई आठ वर्षांचा असताना, १८३१ मध्ये, आर्ब्वाच्या आसपास एक पिसाळलेला लांडगा सुटला. त्याने बऱ्याच लोकांना चावे घेतले. तेव्हा उपाय एकच, जखम तापलेल्या लोखंडाने डागायची. हे काम लोहाराकडे व्हायचं आणि लोहाराचं दुकान टॅनरीपासून जवळच होतं. एका माणसाला डाग देताना लुईने पाहिलं. चावा घेतलेल्यांपैकी काही लोक पुढे तडफडून मेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, ५४ वर्षांनी परत येणार आहे.

शाळेत लुई काही हुशारांचा मेरुमणी नव्हता. हळू होता. पक्कं कळल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय, त्यामुळे मास्तरांना तो मंद वाटायचा. चित्रं मात्र सुरेख काढायचा. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याने आईचं रंगीत खडूंनी चित्र काढलं. पांढरी टोपी, खांद्यावर चौकड्यांची शाल, बाजाराला निघालेली. नंतर वडिलांचंही काढलं. ही चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. त्यात कुणालाही उगाच सुंदर केलेलं नाही. जसे दिसत होते तसे काढलेत.

वडिलांचं स्वप्न फार मोठं नव्हतं. पोरगा आर्ब्वाच्याच शाळेत मास्तर व्हावा, बस. पण मुख्याध्यापक रोमाने यांनी या हळू पोरात काहीतरी पाहिलं होतं. त्याला पॅरिसच्या नामांकित अध्यापक महाविद्यालयात, एकोल नॉर्मालमध्ये पाठवा, असा आग्रह त्यांनी धरला. ऑक्टोबर १८३८ मध्ये, १६ वर्षांचाही नसलेला लुई मित्राबरोबर घोडागाडीत बसून पॅरिसला निघाला.

आणि सपशेल फसला. कोटा किंवा पुण्यात पहिल्यांदा क्लास लावायला गेलेल्या पोराला जे होतं, तेच. झोप लागेना, अभ्यास होईना. घरच्या टॅनरीचा तो वास एकदा नाकात गेला तरी आपण बरे होऊ, असं तो मित्राला सांगायचा. साधारण महिनाभराने त्याला निरोप आला की कोपऱ्यावरच्या कॅफेत कुणीतरी भेटायला आलंय. तिथे वडील बसले होते. आधी पत्र नाही, काही नाही. ते त्याला घरी घेऊन जायला आले होते. इतका खर्च करून पाठवलेलं पोरगं परत येतंय म्हणून ते रागावले नाहीत. दोघं गावी परतले.

मग मधला मार्ग निघाला. आर्ब्वापासून साधारण ४० किलोमीटरवर बेझान्सों शहर आहे. वडील वर्षातून काही वेळा तिथे कमावलेली कातडी विकायला जायचेच. लुईला तिथल्या कॉलेजात घातलं, म्हणजे धंदाही होईल आणि पोराची भेटही. तिथे शिकता शिकता लुईला त्याच कॉलेजात सहायक म्हणून कामही मिळालं. राहणं, खाणं आणि वर्षाला ३०० फ्रँक. पहिली कमाई हातात आल्यावर त्याला काय सुचलं? धाकट्या बहिणीच्या, जोसेफीनच्या, शाळेचा खर्च आपण उचलू. आईवडिलांनी नकार दिला. पैसे स्वतःच्या अभ्यासाला लाव, असं कळवलं.

१८४२ मध्ये त्याने विज्ञानाची पदवी परीक्षा दिली. रसायनशास्त्रात शेरा मिळाला, साधारण. हो, रसायनशास्त्रातच. त्याच वर्षी एकोल नॉर्मालच्या प्रवेश परीक्षेत पास झाला, पण यादीत नाव खाली होतं. जागा मिळत होती, तरी त्याने ती सोडली आणि वर्षभर पुन्हा तयारी केली. १८४३ मध्ये चौथा आला. अर्धवट मुरलेलं कातडं हौदातून बाहेर काढायचं नाही, हे घरचं वळण इथे कामाला आलं असं म्हणायला हरकत नाही.

यानंतरचा बापलेकाचा पत्रव्यवहार हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग आहे. वडिलांची पत्रं काळजीने भरलेली. रात्री उशिरापर्यंत वाचू नकोस, डोळे बिघडतील, थंडीत खोली गरम ठेव. मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याचा मित्र शाप्वी याला लिहिलं की याला जरा ओढून बाहेर फिरायला नेत जा. आणि मुलगा काय करत होता? तो वडिलांना शिकवत होता. वडिलांना शिकायची हौस आहे पण पन्नाशीच्या माणसाला सरळ धडे पाठवले तर त्यांना अवघड वाटेल, हे त्याने ओळखलं. मग त्याने युक्ती केली. जोसेफीनला शिकवायला उपयोगी पडतील असं सांगून तो पॅरिसहून गणितं आणि व्याकरणाचे धडे पाठवायचा. वडील दिवसभर कातडी खरवडून रात्री दिव्यापाशी ती गणितं सोडवत बसायचे. नियम पाठ करायचे. मुलीला शिकवण्याच्या निमित्ताने एक कामगार स्वतःची राहिलेली शाळा पूर्ण करत होता, आणि त्याचा मास्तर होता त्याचाच मुलगा.

मे १८४८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. लुईने टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरचं संशोधन मांडलं. वाइनशी संबंधित या पदार्थाचे बारीक स्फटिक त्याने भिंगाखाली एक एक करून हाताने वेगळे केले, डावे एकीकडे आणि उजवे दुसरीकडे, आणि दाखवून दिलं की दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. वय २५. त्याच महिन्यात आईला अचानक झटका आला. तो गावी पोचण्याआधी ती गेलेली होती.

पुढच्या वर्षी तो स्ट्रासबुर्गला प्राध्यापक झाला आणि काही आठवड्यांतच विद्यापीठाच्या प्रमुखांच्या मुलीच्या, मारी लोराँच्या, प्रेमात पडला. तिच्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःची जाहिरात केली नाही, उलट सगळा हिशोब मांडला. वडील कातडी कमावतात. घरची सगळी मालमत्ता ५० हजार फ्रँकच्या वर नाही. आणि त्यातला आपला वाटा आपण बहिणींना देऊन टाकायचं ठरवलंय, म्हणजे आपल्याकडे पैसा नाही. रीतसर मागणी घालायला जाँ-जोसेफ आर्ब्वाहून आले. २९ मे १८४९ रोजी लग्न झालं.

आता लुईचा प्रोफेसर पाश्चर झाला होता. पण खरी मजा पुढे आहे. १८५४ मध्ये ते लिल या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचे प्रमुख म्हणून गेले. त्या काळातले बरेच प्राध्यापक कारखान्यात पाय ठेवणं कमीपणाचं समजायचे. पाश्चर विद्यार्थ्यांना घेऊन कारखाने बघायला जायचे. १८५६ मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. बीटपासून अल्कोहोल बनवताना माल नासत होता. पाश्चर रोज त्या कारखान्यात जाऊ लागले, पिंपांतला रस आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघू लागले. आंबणं ही जिवंत सूक्ष्मजीवांची करामत आहे आणि चुकीचा जीव शिरला की माल बिघडतो, हा विचार इथून पक्का होत गेला. पुढची यादी बघा. व्हिनेगर बनवणारे, वाइनवाले, रेशीम उत्पादक, बिअर बनवणारे, मेंढपाळ, कोंबड्या पाळणारे. पाश्चर यांचं निम्मं आयुष्य कष्टकऱ्यांच्या धंद्यातल्या अडचणी सोडवण्यात गेलं. हात काळे करणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं आणि त्याचं म्हणणं गांभीर्याने कसं घ्यायचं, हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही.

१८६४ च्या सुट्टीत तर ते शिष्यांना घेऊन थेट आर्ब्वालाच आले. तिथली वाइन खराब का होते हे शोधायचं होतं. एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. उपकरणं? गावच्या सुताराने आणि पत्र्याचं काम करणाऱ्याने बनवून दिली. ती विचित्र भांडी बघून गावकरी हसायचे. उत्तर निघालं ते साधं होतं. वाइन ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत थोडा वेळ तापवली की नासवणारे जीव मरतात आणि चवही टिकते. हेच पाश्चरायझेशन. १८६५ मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं आणि मग ही पद्धत सगळ्यांना वापरायला मोकळी केली. दुधासाठी ती इतरांनी नंतर वापरली.

याच काळात घरावर एकामागोमाग एक घाव बसत होते. थोरली मुलगी जान १८५९ मध्ये नऊ वर्षांची असताना आर्ब्वाला आजोबांकडे होती. तिला विषमज्वर झाला आणि ती गेली. नातीच्या आजारपणात आजोबा जवळ होते. जून १८६५ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून पाश्चर दक्षिणेत आलेसला गेले. तिथे रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता आणि हजारो कुटुंबांची उपजीविका धोक्यात होती. पाश्चर यांनी तोवर रेशमाचा किडा हातातही धरला नव्हता. कामाला लागून काही दिवस होतात न होतात तोच तार आली, वडील अत्यवस्थ आहेत.

ते लगेच निघाले. रेल्वेच्या त्या लांब प्रवासात त्यांना आधीचा प्रवास आठवत राहिला, आई गेली तेव्हाचा. पोचले तेव्हा घरात शवपेटी होती. जाँ-जोसेफ ७४ वर्षांचे होते. त्या संध्याकाळी त्याच घरात बसून पाश्चर यांनी पत्नीला पत्र लिहिलं. वडिलांनी आयुष्यभर किती कष्ट केले, आपण जे काही आहोत ते त्यांच्यामुळे कसं आहोत, आणि या वयात आपल्या यशाचा त्यांना किती आनंद होता, हे सगळं त्यात आहे. फ्रान्समधल्या मोठ्या शास्त्रज्ञांत नाव झालेला ४२ वर्षांचा माणूस एका टॅनरीत बसून हिशोब करत होता की बापासाठी आपण पुरेसं केलं का. मग तो परत रेशमाच्या किड्यांकडे गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय गेली. पुढच्या वर्षी १२ वर्षांची सेसील. ऑक्टोबर १८६८ मध्ये स्वतः पाश्चर यांना पक्षाघात झाला, डावी बाजू लुळी पडली. वय ४५. आठवड्याभरात त्यांनी अंथरुणातूनच शिष्याला रेशमावरचं टिपण सांगितलं. काही महिन्यांत ते पाय ओढत आलेसला हजर झाले. रोगी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून त्यांची अंडी बाजूला काढायची, ही त्यांची पद्धत शेवटी रेशीम उत्पादकांच्या कामी आली.

आता दुसरी बाजू, कारण फक्त कौतुक केलं तर गोष्ट अर्धी राहील. बापाकडून चिकाटी आली तसा ताठाही आला. टीका अजिबात सहन व्हायची नाही. १८८० मध्ये त्यांनी वैद्यक अकादमीत एका म्हाताऱ्या डॉक्टरला इतकं झोडपलं की त्या ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांनी द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. नेपोलियनच्या सैनिकाचं रक्तही होतंच. जर्मनांशी युद्ध सुरू असताना, जानेवारी १८७१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी परत पाठवली. पुढे रॉबर्ट कॉख यांच्याशी त्यांचं जे जाहीर भांडण झालं, त्यात विज्ञान किती आणि देशाभिमान किती हे सांगणं कठीण आहे. त्याच जानेवारीत त्यांचा एकुलता मुलगा पराभूत फ्रेंच सैन्यात होता आणि त्याची खबर नव्हती. अर्धं अंग अधू असलेले पाश्चर बर्फातून गाडी घेऊन त्याला शोधत निघाले आणि हजारो थकलेल्या सैनिकांच्या गर्दीत तो त्यांना सापडला.

कामाच्या बाबतीत ते फार गुप्तता पाळायचे. १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी त्यांनी मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. लस दिलेल्या मेंढ्या धडधाकट राहिल्या, न दिलेल्या मेल्या. जगभर नाव झालं. पण ती लस नेमकी ज्या रासायनिक पद्धतीने बनवली होती ती त्यांनी उघड केली नाही. आपल्या हवेच्या पद्धतीचीच ती लस आहे असा लोकांचा समज राहू दिला. हे पुढे त्यांच्या खासगी वह्यांवरून समोर आलं आणि इतिहासकार गेराल्ड गीसन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने त्यावर मोठा वाद झाला. कारागिराने आपली युक्ती शेजाऱ्याला न सांगणं वेगळं आणि शास्त्रज्ञाने न सांगणं वेगळं. हा फरक पाश्चर यांनी पाळला नाही.

बापाचं ऋण मात्र त्यांनी कधी लपवलं नाही. १८७६ मध्ये बिअरवरचा मोठा ग्रंथ आला, तो वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. १४ जुलै १८८३ रोजी दोलमधल्या त्यांच्या जन्मघरावर पाटी लावली गेली. कातडी कमावणाऱ्यांच्या त्याच गल्लीत, मंत्र्यासंत्र्यांसमोर, ६० वर्षांचे पाश्चर बोलायला उभे राहिले आणि विज्ञान सोडून आईवडिलांवर बोलले. उत्साह आईने दिला आणि रोजच्या कामात धीर धरायला वडिलांनी शिकवलं, असा त्या भाषणाचा आशय. बोलताना त्यांना रडू आवरलं नाही.

दोन वर्षांनी, ६ जुलै १८८५ ला, अल्सासमधून एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. जोसेफ माइस्टर, बेकरीवाल्याचा मुलगा. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, सुई टोचायचा त्यांना अधिकारही नव्हता. रेबीजची लस कुत्र्यांवर चालली होती, पण माणसासाठी ती पुरेशी तपासलेली नव्हती आणि पोरगं दगावलं असतं तर खुनाचा आरोप व्हायला वेळ लागला नसता. डॉक्टर ग्रांशे यांनी इंजेक्शनं दिली, दहा दिवसांत तेरा. पाश्चर यांना त्या रात्री झोप नव्हती. मुलगा वाचला. ऑक्टोबरमध्ये दुसरा आला, १५ वर्षांचा मेंढपाळ झाँ-बातिस्त झ्युपी. लहान पोरांना वाचवायला तो पिसाळलेल्या कुत्र्याशी भिडला होता. तो आला त्याच प्रदेशातून, जिथे लहानपणी पाश्चर यांनी लोहाराच्या दुकानात ते तापलेलं लोखंड पाहिलं होतं. तोही वाचला.

मग लोकांनी पैसे पाठवले, राजेरजवाड्यांनी आणि साध्या माणसांनीही. त्यातून १८८८ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम केलेले वाल्देमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले, त्यांनी इथे लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी गेले. त्यांना पॅरिसच्या संस्थेतच दफन केलं आहे. आर्ब्वाचं ते घर त्यांनी शेवटपर्यंत विकलं नाही. शेजारची जागा घेऊन वाढवलं, वर प्रयोगशाळा केली आणि दर उन्हाळ्यात तिथे येत राहिले. गावातले लोक त्यांना डॉक्टर समजून दारात गर्दी करायचे. आता तिथे संग्रहालय आहे.